पवनीच्या दगडांची राखण

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे नगर नकाशावर तालुक्याचे एक सामान्य ठिकाण म्हणून दिसते. परंतु त्याला तीन बाजूंनी वेढून असलेला मातीचा प्रचंड परकोट, त्या परकोटाबाहेरचा खंदक, चौथ्या बाजूने वाहणारी नदी, तिच्या काठचे दगडी घाट आणि वस्तीलगतच्या उंचवट्यांचा पसारा ज्याने एकदा पायी फिरून पाहिला आहे, त्याला दोन सहस्र वर्षांपूर्वी ऐश्वर्याच्या शिखरावर असलेल्या एका नगराची रूपरेषा आजही जमिनीवरच वाचता येते. वैजेश्वराचे देवालय आणि सर्वतोभद्र गणेशाचे स्थान यांमुळे भाविक लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, आणि विणकरांच्या रेशीमकाठी वस्त्रांमुळे तिचे नाव इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही नोंदले गेले. मात्र या भूमीची सर्वांत प्राचीन आणि सर्वांत मोठी ठेव तिच्या टेकड्यांच्या पोटात होती, आणि ती उजेडात आल्यानंतर तिची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न पवनीच्या नागरिकांपुढे, आणि पर्यायाने आपणा सर्वांपुढे, कायमचा उभा राहिला आहे.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे, डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली, येथे उत्खनन केले आणि १९७२ साली त्याचा साधार वृत्तांत प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीही पवनीने विद्वानांचे लक्ष वेधले होतेच. भार राजा भगदत्त याचा शिलालेख आणि महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचे नाव कोरलेला स्मृतिस्तंभ या दोहोंचे वाचन महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रकाशित केल्यामुळे या गावाचा संबंध इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील राजसत्तांशी असला पाहिजे, हे अभ्यासकांना ठाऊक झाले होते. परंतु ज्या टेकडीवर जगन्नाथाचे देऊळ उभे आहे तिच्या आत सुमारे ३८ मीटर व्यासाचा बौद्ध स्तूप आहे, आणि सुलेमान टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चांडकापूरच्या उंचवट्यात त्याहूनही मोठा, सुमारे ४१ मीटर व्यासाचा दुसरा स्तूप दडलेला आहे, हे जेव्हा कुदळीने सिद्ध केले, तेव्हा सांचीच्या सुमारे ३६ मीटर व्यासाच्या महास्तूपाशी आकाराने बरोबरी करणारी वास्तू आपल्या जिल्ह्यात आहे, या वार्तेमुळे विदर्भाच्या इतिहासाचे एक संपूर्ण प्रकरण नव्याने लिहावे लागले. पुढे १९९४ साली अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व सर्वेक्षणाने हरदोलाला टेकडीवर पुन्हा उत्खनन केले आणि तेथेही स्तूपाचे अवशेष मिळाले.

ज्या वाचकांनी स्तूप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची घडण थोडक्यात सांगणे अवश्य आहे. स्तूप म्हणजे आत पोकळी नसलेला, माती आणि विटा यांचा भरीव अर्धगोल. त्याच्या भोवती प्रदक्षिणेची वाट असते, आणि त्या वाटेला पवित्र क्षेत्राची मर्यादा घालून देणारा कठडा असतो, ज्याला वेदिका म्हणतात. या वेदिकेचा एखादा खांब जवळून न्याहाळला, तर त्याच्या दोन्ही अंगांना एकाखाली एक अशा, मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या खोबणी खोदलेल्या आढळतात. या खोबणींत ‘सूची’ नावाच्या आडव्या दगडी पट्ट्यांची टोके बसवीत आणि खांबांच्या माथ्यावर ‘उष्णीष’ नावाची दगडाची सलग पट्टी चढवीत. म्हणजे सुताराने लाकडी कुंपण जोडावे त्याच रीतीने, चुन्याचा वा धातूचा आधार न घेता, दगडाला दगड जोडून हा कठडा उभा राही. खांबाच्या दर्शनी अंगावर कोठे बोधिवृक्षाची पूजा, कोठे रिकामे आसन, कोठे धर्मचक्र, तर एके ठिकाणी फणा उभारलेला मुचलिंद नागराज कोरलेला आहे. भगवान बुद्धाची मानवी आकृती मात्र या प्राचीन शिल्पांत नाही. शिल्पकाराने त्यांचे अस्तित्व वृक्ष, आसन आणि नाग यांच्याद्वारे सूचित केले, आणि भक्तानेही ते तितक्याच सहजपणे ओळखले.

या खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरलेले छोटे छोटे लेख हा या सर्व संपत्तीतील मला सर्वाधिक मौल्यवान वाटणारा भाग होय. त्यांत विसमिता नावाच्या उपासिकेचे दान आहे, आणि त्यासोबत सर्व प्राणिमात्रांना सुख लाभो अशी तिची प्रार्थना आहे. बुद्धवचनाच्या पाचही निकायांचा ज्ञाता असलेल्या नाग या नावाच्या व्यक्तीचा उल्लेख आहे. कोणी एक खांब दिला, कोणी एक सूची दिली, आणि प्रत्येकाने आपल्या देणगीवर आपले नाव लिहविले. स्तूपाची ती वेदिका अशा वर्गणीतून उभी राहिली. ज्या काळात विटा भाजणे, दगड वाहून आणणे आणि तो घडविणे हे सर्व केवळ मनुष्यबळावर आणि पशुबळावर चालत होते, त्या काळात पवनीच्या स्त्रीपुरुषांनी आपल्या सामर्थ्यानुसार दिलेल्या दानांची बेरीज होऊन ही वास्तू साकार झाली. जे स्मारक जनसामान्यांच्या हातांनी निर्माण झाले, त्याचे रक्षणही अंतिमतः जनसामान्यांच्याच हातांनी होऊ शकते; राजसत्तेचा कायदा त्याला आवश्यक साहाय्य करील, परंतु त्या हातांची जागा घेऊ शकणार नाही, असा माझा दृढ विश्वास आहे, आणि या लेखाचे प्रयोजनही तेवढेच आहे.

हा विश्वास निराधार नाही, हे भारतातील अन्य स्तूपांच्या इतिहासावरून दिसून येईल. आंध्रातील अमरावतीचा महास्तूप अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदाराने नव्या नगराच्या बांधकामासाठी विटा आणि दगड काढताना फुटला, आणि त्याचे संगमरवरासारखे शुभ्र शिलापट पुढे चेन्नई व लंडन येथील संग्रहालयांत विखुरले गेले. मध्य भारतातील भारहुतचा स्तूप अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ साली आढळला, तेव्हा त्याचे दगड-विटा आसपासच्या वस्त्यांनी घरे बांधण्यासाठी नेल्याच होत्या. उरलेली वेदिका कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेऊन त्यांनी वाचविली, ही त्यांची थोर कामगिरी होय, परंतु वेदिका गेली आणि भारहुतची भूमी ओकी पडली. संग्रहालय दगडाला वाचविते. दगडाचे स्थान, त्याची दिशा, त्याच्या भोवतीची वाट, तलाव, शेत आणि माणसे यांना ते आपल्या दालनात नेऊ शकत नाही. पवनीच्या बाबतीत मात्र भूमी अद्याप आपल्या ठिकाणी आहे. जगन्नाथाचे देऊळ टेकडीवर उभे राहिले म्हणून ती टेकडी देवाची झाली, आणि देवाच्या जागेवर नांगर घालण्यास वा तिची माती उपसण्यास लोकांचे मन धजले नाही. परंपरेने केलेले हे रक्षण कोणत्याही सरकारी फलकाहून जुने आहे.

कायद्यानेही आपला वाटा उचललेला आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला दिली पाहिजे असा दंडक १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातला. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा पहिला कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा महाराष्ट्राचा असे दोन अधिनियम झाले. आणि २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित ठरविले. आपल्या संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदात राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाचे दायित्व राज्यावर टाकले आहे, आणि ५१-क या अनुच्छेदात आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. ही दोन कलमे एकत्र वाचावयाची आहेत. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात पहिले कलम फलकावर येते आणि दुसरे पाठ्यपुस्तकात राहते, आणि म्हणून ज्याचे घर वा शेत शंभर मीटरांच्या आत आहे अशा गरीब कुटुंबाला स्मारक म्हणजे पडवीची दुरुस्ती करण्यासही परवानगीसाठी हेलपाटे घालावयास लावणारी आपत्ती वाटू लागते. ज्याला स्मारकाचा केवळ जाच सोसावा लागतो त्याच्याकडून त्याच्या राखणीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. संरक्षणाचा भार जसा शेजाऱ्यावर पडतो, तसा त्याचा मान आणि लाभही त्याच्याच वाट्याला प्रथम आला पाहिजे.

सामुदायिक मालमत्तेची राखण गावाने कशी करावी आणि ती कशी मोडते, या दोन्ही गोष्टींचा धडा भंडारा जिल्ह्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. तो येथील तलावांनी शिकविलेला आहे. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने या प्रदेशात बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिले. तलावाची पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाणी काढून देणारा सांडवा आणि शेतापर्यंत जाणारे पाट यांची देखभाल गाव आपल्या श्रमाने करी, कारण धानाचे पीक त्या पाण्यावरच अवलंबून होते. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, हे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने इष्टच झाले. परंतु तलावांची मालकी सरकारी दप्तरात दाखल होताच पाळीवर झुडपे वाढली तरी ती तोडण्याची जबाबदारी आपली, असे म्हणणारा कोणी गावात उरला नाही. तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, लोकांच्या बोलण्यात ‘मामा तलाव’ झाले, आणि गाळाने भरू लागले. मालकाचे नाव बदलल्याने तलाव बिघडले नाहीत. मालकी बदलताना राखणीची रीत नव्याने बसविण्याचे राहून गेले, म्हणून ते बिघडले.

ही रीत पुन्हा बसविता येते, याचेही उदाहरण याच प्रदेशात आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने जुन्या भंडारा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील, ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांना सोबत घेऊन तलावांतील बेशरमाची झुडपे उपटणे, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरट करणे आणि तेथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे अशी कामे केली, आणि त्या वनस्पतींच्या आश्रयाने देशी मासे पुन्हा वाढू लागले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा देते, हे ज्ञान ढिवरांजवळ पिढ्यान्‌पिढ्या होते. अभ्यासकांनी त्याला मान दिला, आणि तलाव सुधारला की त्याचे फळ प्रथम मासे धरणाऱ्याच्या पदरात पडले, म्हणून ते काम टिकले. प्राचीन वास्तूच्या राखणीला यापेक्षा उत्तम नमुना शोधण्याची आवश्यकता नाही. ज्यांचे जीवन त्या भूमीशी निगडित आहे त्यांचे ज्ञान, त्यांचे श्रम आणि त्यांचे हित या तिहींची सांगड घातली, तर पवनीचा बालसमुद्र तलाव, तिचा खंदक, तिचा परकोट आणि तिचे स्तूप यांची व्यवस्था एकाच नजरेने पाहता येईल.

भूमीवर मी एवढा भर देतो, त्याला कारण आहे. याच जिल्ह्यातील तिलोता खैरी आणि पिंपळगाव येथे महापाषाण संस्कृतीची शिलास्मारके आहेत. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात जुनापाणी येथे शिलावर्तुळांचे विस्तीर्ण क्षेत्र आहे, ज्याचा वृत्तांत रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ साली प्रसिद्ध केला. आणि माहुरझरी व नायकुंड येथील उत्खननांत घोड्याचे तांब्याचे अलंकार आणि लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. या शिलावर्तुळांतील मोठे दगड सर्वांना दिसतात. परंतु मृताचे अवशेष, भांडी आणि आयुधे त्या दगडांच्या आतील भरावात आणि खालच्या मुरुमात असतात. रस्त्यासाठी तो मुरूम उपसून नेला, तर वरचे दगड जागच्या जागी राहिले तरी स्मारक नाहीसे झालेले असते. स्तूपाचीही तीच गत आहे. त्याचा गाभा मातीचा आहे, आणि टेकडीच्या पायथ्याची माती कापली की वरची वास्तू आपल्याच भाराने खचू लागते. अशी पुष्कळ जमीन पूर्व विदर्भात झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे, आणि ही जमीन वनच मानली पाहिजे असा निर्णय २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्यामुळे तिच्या मनमानी वापराला आता काही आळा बसावा, अशी आशा करण्यास जागा आहे.

जमिनीची राखण शेवटी दप्तरात उतरावी लागते, आणि या बाबतीत जुन्या मध्यप्रांताने आपल्याला एक अमूल्य साधन दिलेले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ अन्वये जिल्हाधिकाऱ्याने गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीच्या व्यवस्थेची योजना म्हणजे निस्तारपत्रक तयार करावयाचे असते, आणि ते गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन करावयाचे असते. कलम १६५ प्रमाणे पाणी, वाट आणि मासेमारी यांविषयींच्या गावाच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या लेखात नमूद होतात. गुरे कोठे चरावी, सरपण कोठून आणावे, माती आणि मुरूम कोठून काढावा, हे जर निस्तारपत्रकाने ठरते, तर अमुक टेकडीच्या पायथ्याची माती कोणी काढू नये आणि अमुक शिलांच्या भोवतालची जागा मोकळी ठेवावी, ही गोष्टही गावाने त्याच पत्रकात आग्रहाने लिहवून घ्यावी. गावाने स्वतःहून घातलेली मर्यादा गाव पाळते, हा आपल्या देशातील देवरायांचा शतकानुशतकांचा अनुभव आहे.

राखणीचे प्रत्यक्ष काम साधे आहे, परंतु त्यात जाणतेपण हवे. मातीच्या परकोटाच्या उतारावरील गवत समूळ खणू नये, कारण त्याची मुळे पावसाच्या माऱ्यात माती धरून ठेवतात. मात्र विटांच्या सांध्यांत रुजलेली वड-पिंपळाची रोपे कोवळी असतानाच काढावी, आणि एकदा खोड जाड झाले की ते ओढून उपटू नये, कारण त्याच्याबरोबर विटांचे थरही निघून येतात. ते कापून मुळांना जागीच मरू द्यावे. जुन्या विटांवर सिमेंटचा गिलावा देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण सिमेंट ओलावा आत कोंडते, त्या ओलाव्यातील क्षार विटेच्या पृष्ठभागावर येऊन साठतात आणि वीट भुगा होऊन गळू लागते. चुना मात्र ओल बाहेर जाऊ देतो. कोरीव दगडाला तैलरंग वा शेंदूर लावल्याने अक्षरे बुजतात, आणि शेतात सापडलेला कोरीव तुकडा घरी आणून ठेवल्याने तो सुरक्षित राहिला तरी तो कोठे आणि कोणत्या थरात होता, ही त्याच्याइतकीच मोलाची माहिती नष्ट होते; म्हणून तो जागीच ठेवून तहसील कचेरीला खबर देणे हाच योग्य मार्ग. पावसाळ्यापूर्वी पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे आणि पावसाळ्यानंतर कोठे घळ पडली ते पाहून ठेवणे, एवढे काम गावाने नियमाने केले तरी वास्तूचे आयुष्य पुष्कळ वाढते. स्तूपांना आणि परकोटांना सर्वाधिक हानी होते ती साचलेल्या आणि मोकाट वाहणाऱ्या पाण्यामुळे. दुरुस्तीचे काम मात्र पुरातत्त्व खात्याच्या संमतीशिवाय कोणी हाती घेऊ नये. नित्य निगा गावाची आणि दुरुस्ती तज्ज्ञांची, ही विभागणी सर्वांच्या हिताची आहे.

या राखणीत आणखी एक नाजूक आणि अत्यंत महत्त्वाचा भाग आहे. पवनीच्या एका टेकडीवर जगन्नाथ आहे, दुसरीला सुलेमानाचे नाव आहे, आणि दोहोंच्या पोटात बुद्धाचा स्तूप आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारल्यानंतर विदर्भातील बौद्ध समाजाच्या दृष्टीने या स्तूपांना जिवंत श्रद्धेचे मोल प्राप्त झाले आहे. पवनी तालुक्यातील रुयाळ येथे उभारलेल्या महासमाधीभूमी महास्तूपापाशी दरवर्षी फेब्रुवारीत भरणाऱ्या धम्ममहोत्सवास हजारो उपासक येतात. एकाच भूमीवर अनेकांची श्रद्धा असणे हे ज्यांना संकट वाटते त्यांनी असा विचार करावा की, याच अनेक श्रद्धांनी या टेकड्या आजवर राखल्या. देवळाचे विश्वस्त, बौद्ध उपासक, वैनगंगेवर उपजीविका करणारे ढिवर, शेतकरी आणि नगरपरिषद यांची एक कायम समिती असावी, तिच्या बैठकीची तारीख वर्षाकाठी ठरलेली असावी, आणि तिच्या कार्यवृत्ताची एक प्रत पुरातत्त्व खात्याकडे जावी. कोणाचा हक्क किती, हा वाद न्यायासनापुढे नेण्याआधी या वर्षी कोणाची जबाबदारी काय, हा प्रश्न समितीपुढे यावा.

पवनीच्या वरच्या अंगाला, गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, आणि तेव्हापासून या खोऱ्यातील नदीचा प्रवाह, जमिनीचा वापर आणि वस्त्यांची ठिकाणे ही सर्व झपाट्याने बदलत आहेत. अशा स्थित्यंतराच्या काळात जुनी वहिवाट स्वतःच्या बळावर टिकून राहील असे मानून चालणार नाही. ती जाणीवपूर्वक लिहून, शिकवून आणि वाटून दिली पाहिजे. तलाठ्याने गावनकाशावर टेकडीची हद्द अचूक दाखवावी, शिक्षकाने विद्यार्थ्यांना वेदिकेचा खांब दाखवून विसमितेचे नाव सांगावे, नगरपरिषदेने खंदकात कचरा पडणार नाही याचा बंदोबस्त करावा, शेतकऱ्याने परकोटाच्या पायथ्याशी नांगर चार हात दूर ठेवावा, आणि सरकारने टेकडीच्या राखणदाराची जागा पवनीच्याच माणसाला द्यावी. यांतील एकही गोष्ट कोणाच्या सामर्थ्याबाहेरची नाही. ज्या गावाने एकेक खांब आणि एकेक सूची देऊन आपला स्तूप उभा केला, त्या गावाच्या आजच्या पिढीने आपापल्या वाट्याचे एवढे दान केले, तर पवनीचे दगड पवनीतच, आपल्या भूमीसह, पुढील पिढ्यांच्या हाती सुखरूप जातील.